हनुवटी खाली, नजर वर

धडधाकट माणसाचा दोन बोटांत पुतळा करायची विद्या अख्ख्या गिरगावात फक्त हनुवटीकाकांना येत होती. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की काका दोन बोटांनी त्याची हनुवटी धरत, किंचित खाली, किंचित डावीकडे आणत आणि फर्मावत, "नजर वर. आता श्वास विसरा!" आम्ही विसरायचो.

आमच्या वेळच्या लग्नाळू मुली त्या स्टुलावरूनच सासरी गेल्या. हात प्लॅस्टिकच्या फुलदाणीवर, नजर वरच्या उजव्या कोपऱ्यात. "तिकडे तुझा भविष्यकाळ आहे असं समज," काका सांगत. तिकडे भिंतीला ओल आली होती. पण त्या ओलीकडे बघताना मुली अशा काही स्वप्नाळू दिसत की लग्न जुळून जाई. मी पदवीधर झालो तेव्हा मला त्यांनी बंद पडलेला फोन कानाला लावून बसवलं.

"काका, बोलतोय कुणाशी मी?"

"नोकरीशी. दात काढू नकोस, मिळायची नाही."

न सांगता काढलेल्या फोटोचा त्यांना मनस्वी तिटकारा. "माणूस तयार नसताना फोटो काढणं म्हणजे कडी न वाजवता घरात शिरणं," म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या शोभायात्रेला आम्ही दोघं चाळीच्या पायरीवर उभे होतो. समोर नऊवारी, फेटा, नथ अशा थाटात एक मुलगी बुलेटवर बसून, शेजारी कुणी नसताना खळखळून हसत होती. कॅमेरावाला ओरडला, "ताई, कॅन्डिड पाहिजे! परत एकदा नॅचरल हसा ना!" ताई परत नॅचरल हसली. मग आणखी एकदा, जास्त नॅचरल. काका माझ्या कानाशी लागले. "बघ नंदू. आम्ही निदान कबूल तरी करत होतो."

त्याच वर्षी काकू गेली. पुढे चाळ पाडायचं ठरलं, स्टुडिओची आवराआवर सुरू झाली. मी मदतीला गेलो, तर काका भिंतीवरच्या काकूच्या फोटोसमोर उभे. लग्नानंतर त्यांनीच काढलेला. हनुवटी खाली, नजर वर, हाताशी फुलदाणी.

"ही कोण रे?"

"काका, काहीतरीच काय!"

"ही मी बसवलेली बाई आहे. ती अशी कधी बसलीच नाही. हसताना कशी दिसायची, ते मला आठवेनासं झालंय, नंदू."

 

टाकून द्यायच्या खोक्यातली निगेटिव्हची एक पट्टी मी उगाच उचलून उजेडात धरली. ओळीने पुतळे आणि शेवटी एक हललेली बाई. दुसरी पट्टी धरली. तिच्याही शेवटी तीच. काकांनी कपाळाला हात लावला. "अरे, हे रोल संपवायचे फोटो!"

मुलाकडच्यांना फोटो उद्याच्या उद्या हवा असे आणि रोलमध्ये दोन-तीन जागा शिल्लक असत. त्या वाया कशा घालवायच्या? मग समोर येईल त्यावर बटण दाबून काका मोकळे होत. स्टुडिओच्या पडद्यामागेच घर, त्यामुळे समोर यायची ती काकूच. हे फोटो छापायचा प्रश्नच नव्हता. काढल्याचंही ते विसरून गेले होते.

खिडकीत बसून आम्ही पट्ट्यांमागून पट्ट्या पाहिल्या. चहा घेऊन येणारी काकू. अर्धी वेणी हातात धरलेली काकू. "अहो, पुरे!" म्हणत कॅमेऱ्यावर तळवा आणणारी. आणि एकीत मान मागे टाकून, तोंडावर पदर घ्यायचंही विसरून हसणारी. विशीतली. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात. त्या पोरसवदा काकूचे केस, अगदी शेवटी होते तसे, पांढरेशुभ्र होते.

"द्या, दादरला नेऊन छापून आणतो," मी म्हणालो.

काकांनी पट्टी सोडली नाही. उजेडाकडे जरा तिरकी केली.

"राहू दे. छापली की ती परत तरुण होईल, आणि म्हातारा मी एकटाच उरेन."