जातीने लक्ष घालत आहे

दिनू गेल्याचं मला संध्याकाळच्या रेडिओवर कळलं. 'ज्येष्ठ नेते, राज्यसभेचे सदस्य' असं बरंच काही सांगून झाल्यावर त्याचं नाव आलं, आणि क्षणभर वाटलं, हा कोणी दुसराच असेल… पावसच्या शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या दिनूचा आधी दिनकरराव झाला, मग दादासाहेब. प्रत्येक पायरीवर मी त्याच्या मागे होतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण शोकसभेपासून मला शिसारी आली आहे, आणि ती एकट्या त्याची नाही.

आमदार झाला तेव्हाचा दिनू खरा होता, हे आधी सांगतो. भर पावसात लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून तो दुथडी वाहणारा पऱ्या ओलांडायचा. एका वाडीला पायी ओलांडायला लाकडी साकव नव्हता, तर मंजुरीची वाट न बघता गावकऱ्यांबरोबर माडाचे ओंडके त्याने स्वतः खांद्यावरून वाहिले. पत्रांना उत्तरंही स्वतःच लिहायचा, तिरक्या गिचमिड अक्षरात, बहुतेकदा एकच शब्द: 'येतो'. आणि यायचा.

मग पक्षाने त्याला राज्यसभेवर पाठवलं. आता दारोदार मतं मागायची गरज उरली नाही, तसा तो बदलला. गावाकडे यायचा तो मे महिन्यात, दिल्लीच्या बड्या लोकांना हापूसच्या पेट्या पाठवायला. आमच्या भागाचा एकच प्रश्न त्याने दिल्लीत नेला, आंबा यंदा गोड आहे की नाही. सभागृहात तो काही बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पत्रांसाठी मात्र त्याने छापील कार्डं करून घेतली: 'आपले पत्र मिळाले. प्रकरणात जातीने लक्ष घालत आहे.' खाली छापील सही. वर नावापुरती जागा कोरी. ती नावं भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी नाही म्हणालो नाही. माझी घाटावर झालेली बदली त्याने एका ट्रंक कॉलवर रद्द करून दिली होती. तेवढ्या एका प्रकरणात त्याने खरंच जातीने लक्ष घातलं.

वरच्या वाडीतल्या लक्ष्मीबाईंची पत्रं दर पावसाळ्यात यायची. नवरा मुंबईला, घरात त्या आणि लेक शेवंता. पऱ्यावर साकव नाही, पाणी चढलं की पोरीची शाळा बुडते, एवढंच मागणं. पत्र शेवंताच लिहायची. मी शिकवायचो त्याच वर्गात ती होती. सकाळी हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहायचो आणि दुपारी तिच्या आईच्या नावाचं कार्ड भरायचो. दोन्ही एकाच पेनाने. सातवीच्या पावसाळ्यात ती आलीच नाही, तेव्हा तिचं नाव पटावरून कमी केलं तेही मीच.

शोकसभेत एका पुढाऱ्याने गहिवरून सांगितलं, की दादासाहेबांनी एकाही पत्राला उत्तर द्यायचं बाकी ठेवलं नाही. माना डोलल्या. माझीही डोलली असावी. बाहेर पडलो तर पायरीशी लक्ष्मीबाई उभ्या होत्या, हातात रुमालात बांधलेली पाच कार्डं. इतकी वर्षं ती देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती म्हणे.

"मास्तर, ह्या अक्षर तुमचाच ना?" त्यांनी विचारलं. "शेवंता पयल्याच कार्डाला बोलली व्हती, आये, ह्यो 'क्ष' आमच्या मास्तरांचा हाय. मी तिलाच गप केला. म्हटला, मास्तरांना पोर रोज दिसते, ते असा कशाला लिवतील."

मी 'हो' म्हणालो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं… कार्डं पुन्हा रुमालात बांधून त्या एसटी गाठायला निघाल्या.

दिनूच्या उरलेल्या कार्डांचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. काल त्यातलं एक काढलं. वर लक्ष्मीबाईंचं नाव घातलं, छापील मजकूर तसाच ठेवला, खालच्या सहीवर काट मारली आणि माझी सही केली. कार्ड लांब धरून पाहिलं. त्या पाच कार्डांपेक्षा काहीच वेगळं दिसत नव्हतं.