नवऱ्याला सिनेमा सांगणारी

आमच्या शेजारच्या मळेवाल्या बाईला हळू बोलणं जमतच नसे. साधी विचारपूसही ती भांडल्यासारखी करायची. तिच्या नवऱ्याचे डोळे देवीच्या आजारात गेले होते. शेलूबाजारात तंबूतला काळापांढरा सिनेमा आला की ती त्याला घेऊन यायची आणि पडद्यावर जे दिसेल ते त्याला सांगत बसायची.

एकदा मागून ओरडा झाला. तंबूवाला धावत आला. "आंधळ्यानं सिनेमाले यावंच कायले? बाहीर काढा त्याले!"

ती ताडकन उठली आणि थेट पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. नटीच्या चेहऱ्यावर तिची मोठी सावली पडली.

"आता तुमालेबी दिसत नाई ना? मंग तुमीबी निंगा बाहीर!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. ती हलली नाही. शेवटी तंबूवाल्यानंच हात जोडले. "बसा बाई, सांगा त्याले."

ती परत येऊन बसली आणि रागानं धापा टाकतच सांगू लागली, "बाई रडून राह्यली. पदर डोळ्याले लावला."

"कोन्त्या रंगाचा?" नवऱ्यानं विचारलं.

मागं वळून, ओरडणाऱ्यांकडं बघत ती म्हणाली, "रंग इथं कोनालेच दिसत नाई."