कणगीतला व्याही

हिंगणीतला माहा शेजारी तानबा बांबूच्या टोपल्या, सुपं अन् धान्याच्या कणग्या वळते. हातानं एवढा गुणी अन् डोक्यानं एवढा भैताड माणूस मी दुसरा पाह्यला नाई. हातात बांबूची कामटी नसली का त्याचा जीव घाबरा होते.

त्या दिवशी त्याच्या पोरीले, आचलले, पाहाले येणार होते. पोरगा आदेश, सावंगीत नोकरीले. दोघांचं आपसात जमलंच होतं, फक्त आदेशच्या बापानं, प्रभाकररावानं, हो म्हणाचं बाकी होतं. आचलनं बांबू, कोयता सारं मागच्या अंगणात लपवलं अन् बापाले नवा सदरा घालून खुर्चीवर बसवलं. बाबा शेती करतात असं तिनं तिकडं सांगतलं होतं. मले तिचा रागच आला, तरी चहापाण्याले हात लावाले मी त्यांच्या घरी गेली.

खुर्चीवर तानबाले घाम फुटला. कणगीचे दोन फेर वळून येतो म्हणून मागं गेला. तिथं अर्धी कणगी होती. मोठी कणगी तो आत बसूनच वळते अन् तोंड निमुळतं कराच्या आधी बाहेर निंगते. त्या दिवशी घाबऱ्या घाबऱ्या हात असे चालले का गड्यानं तोंडही वळून टाकलं, अन् सोता आतच!

त्याच्या बायकोनं, शकुबाईनं पाह्यलं अन् कपाळावर हात मारला. तेवढ्यात पाव्हणे दारात. गप राह्यजो, असं त्याले दटावून तिनं पाव्हण्यांले सांगतलं का ते केळझरले गेले, येतीलच.

चहा झाल्यावर प्रभाकरराव हात धुवाले मागं गेले. आमीही मागोमाग. कणगीले बोट लावून ते म्हणाले, वीण छान हाये, पण इथं सैल राह्यली.

"सैल नाई ते," कणगी बोलली. "शेणमाती धराले जागा ठेवा लागते."

प्रभाकरराव दोन पावलं मागं सरकले. माह्या पोटात हसू मावेना, पण आचलकडं पाह्यलं अन् जीव तुटला. पोरगी पांढरीफटक पडली होती. आत कोण हाये, त्यांनी विचारलं.

"माहे बाबा," आचल म्हणाली. "शेती नाई आमची. या बांबूवरच शिकली मी."

अन् पदर खोचून भराभरा फेर उसवाले लागली. आदेशही बसला, पण त्याले एक कामटी सुटेना. आतून तानबा त्याले शिकवून राह्यला होता, उलट्या अंगानं ओढा, जावईबापू. होकाराचा पत्ता नाई, अन् म्हणे जावईबापू! मी त हसून हसून खालीच बसली.

तानबा बाहेर निंगाला. प्रभाकररावांनी कणगीवरून हात फिरवला. म्हणाले, "रुखवतात हीच कणगी द्या. पण रिकामी द्या."

आचल रडता रडता हसली. तानबानं मात्र हात जोडाच्या आधी विचारलं, तोंड केवढं ठेवू?