छापताना चांदवड आधी येतं

दुपारी जेवण झालं की मी लॅपटॉप उघडतो आणि कधीकाळी कॉलेजात शिकवलेले प्रोग्रॅम एकेक करून चालवतो. दुसरं काम नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली. दिवसभरात बोलणं होतं ते दूधवाल्याशी, तेही "उद्या अर्धाच लिटर" एवढंच. स्टॅकचा प्रोग्रॅम मात्र मी कायम टाळत आलो.

स्टॅक म्हणजे चळत. जावा भाषेत ती तयारच मिळते. पुश केलं की वस्तू वर बसते, पॉप केलं की सगळ्यात वरची निघते. शेवटी आलेली पहिली बाहेर. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. फळ्यावर काहीच चुकत नाही.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत चांदवडहून रोज एसटीने येणाऱ्या एका मुलीला हाच प्रश्न आला. तिने वाटेतली गावंच स्टॅकमध्ये टाकली होती : चांदवड, पिंपळगाव, ओझर, नाशिक. स्क्रीनवर दाखवायच्या आत लाइट गेली, म्हणून तिने उत्तर कागदावर लिहून दिलं. त्यात चांदवड पहिलं होतं.

"अगं, नाशिक शेवटी टाकलंस ना? मग छापताना आधी नाशिक यायला हवं."

"पॉप केलं तर नाशिकच निघतं, सर. पण अख्खा स्टॅक छापला तर चांदवडपासून येतो. मी चालवून बघितलंय."

"कुठे, एसटीत?"

बाहेरून आलेले परीक्षक मोठ्याने हसले. मला बरं वाटलं.

"मामाच्या सायबर कॅफेत, सर."

"मग मामालाच पाठवायचं परीक्षेला!"

मी तिच्या कागदावर 'आउटपुट मनाने रचले आहे' असा शेरा मारला आणि तिला नापास केलं. पुढच्या आठवड्यात पुण्याची एक कंपनी नोकरीसाठी मुलं निवडायला येणार होती. नापासांना तिथे बसता येणार नव्हतं. नोकरी लागली नाही तर घरचे लग्न उरकणार, हे तिने वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मलाही ते ठाऊक होतं.

संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर मी तोच प्रोग्रॅम टाइप करून चालवला. स्क्रीनवर आलं : चांदवड, पिंपळगाव, ओझर, नाशिक. जावाचा स्टॅक एका जुन्या यादीवर उभारलेला आहे, त्यामुळे अख्खा छापला की तळापासून छापला जातो. मार्कांचं पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऑफिसच्या कपाटातच होतं. नुसतं जाऊन सांगायचं होतं. पण त्या परीक्षकांना फोन करून 'मुलगी बरोबर होती' म्हणायला माझी जीभ रेटेना. पाकीट विद्यापीठात गेलं. ती सहा महिन्यांनी पास झाली, तोवर तिचं लग्न झालं होतं.

बायकोला मी हे एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "लाइटच गेली होती, तुम्ही तरी काय करणार?" त्या वाक्यावर मी इतकी वर्षं काढली.

गेल्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तिचा नंबर सापडला. ती आता पिंपळगावात नवऱ्याच्या खतांच्या दुकानात बसते. फोनवर मागे कोणीतरी गोणी मोजत होतं. मी सगळं सांगितलं : माझी चूक, कपाटातलं पाकीट, माझं गप्प बसणं. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी लाइट गेली नसती तर..."

"सर," ती शांतपणे म्हणाली, "लाइट पाच मिनिटांत आली होती. मी मशीन चालू करून उभी होते. म्हटलं, सर, एकदा बघा. तुम्ही म्हणालात, सही झालीय."

मग म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय, ठेवते," आणि फोन ठेवला.

तिचं खरं आहे. पंखे फिरायला लागले होते, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून मी त्यांवर हात ठेवला होता. माझ्या हाताखाली तिचाच कागद होता, आणि त्यावर सही अजून केलेली नव्हती.