धुऱ्यावर राहून गेलेलं यंत्र

ये, अशी जवळ ये बाई. समोर असतीस तर कान धरून बाजेवर बसवलं असतं, पण तू पडलीस पुण्यात, म्हणून कागदावरच बोलावते. असलं कोणी मेसेजमधून मागतं का? "मोठी आई, बाबांचा आवाज आहे म्हणे तुझ्या रेकॉर्डरमध्ये, पाठवून दे ना." जसं काही लोणचंच मागितलं. लोणचं तरी एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देता येतं. तुझ्या बापाचा आवाज तसा पाठवायचा नाही, आणि का नाही ते सांगते. मधे बोलू नको. तुझ्या आईलाही यातलं अर्धंच माहीत आहे.

तुझ्या बापाची ही थोरली वहिनी चौथी शिकलेली. बायांची गाणी वहीत उतरवून घ्यायचा नाद मला केव्हा लागला ते आता आठवत नाही. पण हात हळू चालतो गं. बाई गात असते, मी म्हणते "थांब वं जराशी", ती थांबते, आणि गाणं तिथंच बसतं. मागची ओळ तोंडात असल्याशिवाय तिला पुढची येतच नाही. कितीतरी गाणी मी अशी अर्धी करून ठेवली. म्हणून मनानं घेतलं की आवाज भरायचं यंत्र आणायचं. तुझे मोठे बाबा म्हणाले, मोबाईलात होतंच की. होतं, पण मधेच कोणाचा फोन येतो, आणि मोबाईल समोर धरला की बाया पदर सावरून फोटोला बसल्यासारख्या ताठ होतात. मग गाणं कसलं येतं!

मेहकरला बसस्टँडच्या मागे एका म्हाताऱ्या चाचाचं दुकान आहे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाईलची कव्हरं विकतात, पण जुन्या वस्तूंवर जीव. मी यंत्र मागितलं तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, गाणे ऐकाचे हायेत का भराचे?" भरायचे, म्हटलं. मग त्यांनी तीन काढून ठेवले. एक पेनासारखं बारीक. ते म्हणाले, हे पत्रकार लोक नेतात आणि महिन्याभरात हरवतात. दुसरं दिसायला देखणं, पण वायर लावून चार्ज करावं लागे, आणि आपल्याकडची लाईट तुला माहीतच आहे. तिसरं काळं, साबणाच्या वडीएवढं, पेन्सिल सेलवर चालणारं. मी डोळे मिटले आणि तिन्ही एकेक करून हातात धरली. वावरात चष्मा पिशवीत असतो ना. ज्याचं बटण अंगठ्याला न बघता सापडलं ते घेतलं. चाचा हसले. म्हणाले, इतक्या वर्षांत असं पारखून घेणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही.

त्यांनी शिकवलंही नीट. लाल बटण एकदा दाबलं की यंत्र फक्त तयार होतं, दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की भरायला लागतं. हातात धरू नका, बोटांची खसखस येते. दुपट्ट्याची घडी करून तिच्यावर ठेवा. तरी मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. एका म्हातारीनं तासभर गायलं, मी एकदाच दाबलेलं. काहीच भरलं नाही. ती पुढच्या महिन्यात गेली. तेव्हापासून दोनदा दाबायची अशी सवय लागली की झोपेतही चुकले नसते. बंद करायची सवय मात्र लागली नाही.

वाऱ्याचा इलाज मी माझा मीच काढला. वावरात भरलं की नुसता घोंगाट यायचा. मग सरकी काढलेला आपलाच कापूस, त्या यंत्राच्या दोन जाळ्यांवर ठेवून दोऱ्यानं बांधला. वारा गेला. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, कंपनीनं तुम्हाला नोकरीवर ठेवायला पाहिजे.

आता त्या वर्षाचं ऐक. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सगळे सांगत की आता बोंडाला अळी लागत नाही, फवारा मारायचं काम कमी. काही वर्षं तसं होतंही. मग गुलाबी अळी आली. वरून बोंड टपोरं, फोडलं की आत किडकं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. पंप पाठीवर, नळी वर धरायची, आणि वारा फिरला की सगळं औषध तोंडावर. तुझा बाप तोंडाला दुपट्टा बांधायचा, बस. मी ओरडले की म्हणायचा, "वहिनी, मी काय अळी हाय का मराले?" आणि आम्ही हसायचो. हो बाई, हसायचो.

खालच्या वावरात वेचणीचा पहिला दिवस होता, सीतादहीचा. दहीभात मांडला, पऱ्हाटीला हळदकुंकू वाहिलं, आणि बाया वेचता वेचता गायला लागल्या. मी यंत्र धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, तुरीच्या झाडाआड घडीवर ठेवलं. दोनदा दाबलं. मग जेवायला बाभळीखाली गेलो आणि यंत्र तिथंच विसरलं. तुझा बाप तीन दिवसांपासून वरच्या वावरात फवारत होता. पाणी प्यायला खाली आला, धुऱ्यावर टेकला. जवळपास कोणी नाही असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही मांडीवर घेऊन ऐकायला बसले. बायांचं गाणं, हसणं, मग पावलं लांब गेली. बराच वेळ साळुंक्या. आणि मग तुझ्या बापाचा आवाज.

"हाव, बोल. जेवली काय?"

मधे तू बोलत असशील.

"मले काय होते? बरं हाय मी. तू पेपराचं पाह्य."

तुझी बाजू तुला माहीत आहे. तो तुझाच फोन होता. फोन ठेवल्यावर तो स्वतःशी म्हणाला, "उगी घाबरली असती." त्यानंतर बोलला नाही. पण उठलाही नाही. बसून राहिला, आणि एक आवाज येत राहिला, सायकलच्या ट्यूबातून हवा सुटावी तसा, बारीक, थांबून थांबून. मग पंप उचलल्याचा, पट्टा ओढल्याचा आवाज, आणि पावलं वर गेली.

मी काय केलं असेल? मला राग आला यंत्राचा. म्हटलं, इतक्यातच बिघडलं. सेल बदलले. कापूस जाड बांधला. पुन्हा लावलं, तर सूं सूं तशीच. बायांच्या गाण्यात ती नव्हती, एवढंही माझ्या लक्षात आलं, तरी डोकं चाललं नाही. "बरं हाय" हे शब्द ऐकले ना मी, ते खरे मानले. आणि त्याच्यानंतरचा श्वास यंत्राचा बिघाड धरला.

तो तेव्हा अंगणात पंप धूत होता. मी थट्टेनं म्हटलं, भाऊजी, तुमचा फोन आला माझ्या यंत्रात. तो लाजला. एकदम उठून जवळ आला.

"पुसा ते, वहिनी. पोरीले ऐकू जाता कामा नये."

मी हो म्हटलं. पण म्हटलं, आधी चाचांना बिघाड दाखवू, मग पुसू.

दोन दिवसांनी मेहकरला गेले. चाचांनी कानात तार घातली, डोळे मिटले, आणि शेवटपर्यंत ऐकलं. गिऱ्हाईक आलं तर हातानं थांबवलं. मग तार काढून गुंडाळत बसले. मी विचारलं, सेलचं आहे का?

"मशीन चांगली हाय, मावशी. ये सीने की आवाज है. माझे अब्बा पिंजारी होते, कापूस पिंजून पिंजून शेवटी त्यांची छाती अशीच वाजे. या माणसाले आजच दवाखान्यात न्या."

मिळाली ती बस धरली. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती. वाटेत एक जीप हॉर्न वाजवत मेहकरकडे गेली, मी खिडकीतून पाहिली, आणि कोण असेल बिचारं म्हणून हात जोडले. बीबीच्या फाट्यावर उतरले तेव्हा कळलं. त्या जीपमध्ये तोच होता. सकाळी पुन्हा पंप पाठीवर घेऊन गेला होता, आणि दोन ओळींनंतर पऱ्हाटीत बसला तो उठलाच नाही.

तू आलीस तेव्हा त्याच्या नाकातोंडात नळ्या होत्या. चार दिवस तसाच राहिला आणि गेला. तुझ्याशी बोलला नाही, तुला वाटतं रागावला होता, पेपर सोडून आलीस म्हणून. नव्हता गं.

दहाव्याला तळ्याच्या काठी पिंड ठेवला. तुला आठवत असेल, तू दगडावर बसली होतीस. कावळे भरपूर, पण एकही शिवेना. तुझे मोठे बाबा हात जोडून म्हणाले, पोरीचं शिक्षण पुरं करीन. कावळे हलले नाहीत. बैल विकणार नाही, म्हणाले. तरी नाही. ऊन वर चढलं. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तुझ्या आईकडे पाहिलं तसं तिनं तोंड पदरात घेतलं. लोकांना वाटतं ना, बाईनंच काही दुखवलं असेल. मला ते पाहवलं नाही. त्याची कोणती गोष्ट राहिली होती ते फक्त मला माहीत होतं. मी पुढे झाले, हात जोडले आणि हळूच म्हटलं, "भाऊजी, पुसते मी ते." हात खाली करते न करते तोच कावळा उतरला आणि घास घेऊन गेला.

सगळ्यांनी निःश्वास टाकला. मी तिथंच उभी राहिले.

घरी आले, यंत्र काढलं, पुसायचं बटण कोणतं ते मला चांगलं ठाऊक होतं. अंगठा ठेवला. नाही दाबलं. उद्या पुसू म्हटलं. मग तेराव्यानंतर म्हटलं. मग सेल काढून ठेवले आणि यंत्र कापडात बांधून धान्याच्या कोठीवर ठेवलं. त्यानंतर मी एकदाही ऐकलं नाही. ऐकायची गरजच पडत नाही. भर दुपारी चुलीत ओलं लाकूड सूं सूं करतं आणि मी हातातलं काम टाकून अंगणात पाहते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते, तेव्हाही. शेजारचे लोक फवारायला निघाले की मी घरात जाते. आणि कोणीही माझ्याशी बोलायला लागलं की आधी त्याची छाती ऐकते, शब्द मागाहून. लोक म्हणतात, म्हातारीला ऐकू कमी यायला लागलं.

पिंडासमोर मी बोलले ते तुझ्या आईच्या कानावर गेलं होतं. तिनं एकदा विचारलं, "बाई, पुसलं काय हो ते?" मी म्हटलं, पुसलं. "बरं केलं," म्हणाली. गेल्या महिन्यात मी विहिरीवरून आले तर ती कोठीपाशी उभी. कापड सोडलेलं. यंत्र कानाला लावून, डोळे मिटून. आत सेल नाहीत, तिलाही कळत होतं. मला पाहून दचकली नाही.

"पुसलं असतं तं असं बांधून काऊन ठेवलं असतं, बाई?"

मग मी तिला सांगितलं, फोनचं. तू केलेला फोन आहे एवढंच सांगितलं, श्वासाचं नाही सांगितलं. ती म्हणाली, मग ते पोरीचं हाय. मले नका ऐकवू. तिले विचारा. आणि तिनंच तुला फोनवर सांगून टाकलं, म्हणून तुझा तो मेसेज आला.

तर आता ऐक. मोबाईलवर पाठवलं की ते एकाचं दोन होतं, दोनाचं चार, मग मी पुसलं काय आणि न पुसलं काय. मी पिंडासमोर बोलले आहे. तू ऐकू नये असं तो म्हणाला होता, हेही तुला सांगितलं. आणि पुसायच्या आधी ज्या पोरीचा फोन होता तिला न विचारता पुसलं, तर तेही मला जमणार नाही. इतकी वर्षं मी या दोहोंच्या मधे अडकलेय. तू म्हणशील ऐकायचं, तर एकदा ऐकू, तुझ्या शेजारी मी बसते. तू म्हणशील नको, तर न ऐकताच पुसू. पण बटण दाबताना तू हवीस. एकटीनं माझ्याच्यानं होत नाही.

मेहकरहून दुपारची बस बीबीला येते, फाट्यावर मी स्वतः येऊन उभी राहीन. दिवाळीवर टाकू नको गं. सुट्टी मिळाली नाही तर एका दिवसासाठी ये, पण ये. लवकर ये.