नाव गाळलेला किस्सा

दोन गाड्या भरून मंडळी आली. गाड्यांच्या आधी गाणंच येऊन पोचलं होतं, तेही असं कर्कश, की दोराला बांधलेली शिंगरं बिथरली. उमसुनाय तंबूच्या दारात हात पुसत उभी राहिली. सतरा जणं उतरली. सगळ्यांच्या डोक्यावर कोऱ्या करकरीत पांढऱ्या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या टोप्या, सगळ्यांच्या सदऱ्यावर चाळीसचा आकडा छापलेला, आणि डोळ्यांत पाणी तर घरूनच काढून आणलेलं. शाळा सुटून चाळीस वर्षं झाली, म्हणून हा सोहळा. झमीरबेकने उतरल्या उतरल्या गवतात लोळण घेतली. सत्तावन्न वर्षांचा घोडा, ढेरी ही एवढी, जकात खात्यातून निवृत्त झालेला. उठवायला मग दोघांना हात द्यावा लागला.

“हेच ते गवत!” तो म्हणाला. “आपलं बालपण इथेच कुठेतरी पडलंय बघा.”

“लीद पडलीय तिथे,” उमसुनाय म्हणाली. “पाठ झटक.”

सगळे खो खो हसले. अजून तश्शीच आहे गं आपली उमसुनाय, म्हणाले. तिने काही विनोद केला नव्हता. झमीरबेकच्या पाठीला खरंच लीद लागली होती.

या सतरांतल्या सोळांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिची नजर होती दुसऱ्या गाडीतून शेवटी उतरलेल्या बाईवर. क्लारा. बिश्केकमधल्या एका शाळेची मुख्याध्यापिका. केस रंगवलेले, पायांत पांढरे बूट. कुरणावर पांढरे बूट! या बाईकडून उमसुनायला एकच गोष्ट हवी होती आणि ती चाळीस वर्षं हवी होती. ‘तो कागद मी हरवला’ एवढे चार शब्द क्लाराने सगळ्यांच्या देखत बोलायला हवे होते.

दहावी झाल्यावर वर्गाच्या बाईंनी उमसुनायचा अर्ज नर्सिंगच्या शाळेत भरला होता. परीक्षेचं बोलावणं खालच्या गावात टपालाने आलं. कुरणावर कुठलं टपाल? वर निघालेल्या माणसाच्या हातात पत्र द्यायचं, हीच पद्धत. क्लारा दुसऱ्या दिवशी हवापालटासाठी वर निघालीच होती, म्हणून टपालवाल्या म्हाताऱ्याने ते तिच्याकडे दिलं. क्लारा आली, दहा दिवस राहिली, उमसुनायच्या हातचं कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायली, गाल लाल करून परत गेली. कागदाचं अवाक्षर नाही. सप्टेंबरात घोड्या घेऊन खाली उतरल्यावर टपालवाला म्हणाला, “अगं, परीक्षेला गेली नाहीस होय? क्लाराजवळ दिलं होतं की मी!” परीक्षा ऑगस्टातच होऊन गेली होती. क्लारा राजधानीत, कॉलेजात. पुढच्या वसंतात उमसुनायला पलीकडच्या खोऱ्यातून याच कुरणावर घोड्या आणणाऱ्या एका घोडेवाल्याला देऊन टाकलं. माणूस वाईट नव्हता. पण नर्स व्हायचं राहिलं ते राहिलंच.

दर दहा वर्षांनी वर्गाचा मेळावा व्हायचा, शहरातल्या हॉटेलात, ऐन जुलैत. घोड्या काय रजा देतात? म्हणून ती कधी गेली नाही. यंदा त्यांनाच उमाळा आला, की बालपण जिथे गेलं तिथेच जाऊ या.

बालपण म्हणे! यांचं बालपण म्हणजे दर उन्हाळ्यात दहा दिवस. शहराजवळची, खालच्या गावातली पोरं हवा खायला वर यायची, पोहायची, पतंग उडवायची, कुमिस ढोसून गवतात पडायची आणि निघून जायची. कुमिस आकाशातून पडतं असंच त्यांना वाटत असावं. घोडी गाईसारखी दोनदा पिळून भागत नाही. दर दोन तासांनी पिळावी लागते, दिवसातून सहा वेळा, आणि दर वेळी कोणीतरी शिंगरू आधी तिच्या सडाला लावायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला धरायचं. सहा वर्षांची असल्यापासून हे ‘कोणीतरी’ म्हणजे उमसुनाय. मेमध्ये शाळा सुटली की ती दोराला जुंपली जायची, ती सप्टेंबरात शाळेची पहिली घंटा होईपर्यंत. मग शाळेत निबंध, ‘मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली’. उमसुनाय लिहायची, वडिलांना मदत केली. पाचपैकी तीन गुण. क्लारा नदी, ढग, मैत्री असलं काहीबाही लिहायची. पाच गुण, वर निबंध वर्गात वाचून दाखवायचे. आणि वर्गात बसून उमसुनायलाही तो खरा वाटायचा, शिंचा.

दुपारी जेवणं सुरू झाली. सून बेगायिमने सकाळपासून तळून तळून कणकेच्या बोरसोकांचा डोंगर केला होता, मेंढी शिजली होती. तमादा, म्हणजे मेजवानीचा पुढारी, अर्थातच झमीरबेक. प्रत्येकाने उठून चार शब्द बोलायचे आणि प्यायचं, असा नेम. एक उठला, फोन नव्हते तेव्हा किती सुख होतं म्हणाला, आणि ते सगळं फोनवर टिपून घेतलं. दुसरी उठली, आजच्या मुलांना सुट्टी म्हणजे काय ते कळतच नाही म्हणाली. तिचा नातू गाडीत एकटा बसून होता, त्याला कोणी जेवायलाही हाक मारली नव्हती. शेवटी बेगायिम जाऊन त्याला घेऊन आली.

“कुमिस आण गं उमसुनाय!” झमीरबेक ओरडला. “लहानपणी बादलीभर प्यायचो आपण!”

“सवय नाही आता तुला. अर्धा वाडगा पी,” ती म्हणाली.

“मला शिकवतेस? या कुमिसावर वाढलेलं पोट आहे हे!”

तीन वाडगे प्यायला. चौथा भाषणकर्ता उभा राहिला तेव्हा तमादाचा चेहरा हिरवट झाला, आणि पुढच्या क्षणी बालपणाचा तो महापुरुष विजारीचा पट्टा धरून उतारावरच्या पत्र्याच्या संडासाकडे धावत सुटला. उमसुनायला बरं वाटलं. नाही कशाला म्हणा.

परत येऊन बसल्यावर तो म्हणाला, “उमसुनाय, खरं सांगतो, हेवा वाटतो तुझा. आमची सुट्टी संपली. तुझी कधी संपलीच नाही बघ.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने ताटं उचलली आणि ओठ घट्ट मिटून घेतले, कारण तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर पडली असती.

मग क्लारा उठली. “मी एक किस्सा सांगते,” म्हणाली. “दर वर्षी शाळा सुटताना मुलांना सांगते, बिनघोर बालपण म्हणजे काय ते कळावं म्हणून. दहावीचा उन्हाळा. आम्ही वर यायला निघालो, वाटेत नदी. कपडे टाकले आणि उड्या मारल्या. माझ्या खिशात कुणाचा तरी सरकारी कागद होता, जाड, शिक्का मारलेला. तो भिजला. आता काय करायचं? झमीर म्हणाला, होड्या करू! अर्धा त्याने फाडला, अर्धा मी. माझी होडी खडकापर्यंत गेली, त्याची तिथेच बुडाली. इतके हसलो, इतके हसलो! काळजी म्हणून नाही कसली. असे दिवस पुन्हा यायचे नाहीत.”

तंबू हसण्याने भरून गेला. “माझी होडी बुडाली नव्हती!” झमीरबेक डोळे पुसत ओरडला.

उमसुनायच्या हातातली ताटं हातातच राहिली. हरवला असेल, विसरली असेल, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. होड्या केल्या होत्या! आणि गेली कित्येक वर्षं ही बया शेकडो पोरांना ते गोड करून सांगतेय.

तेवढ्यात बेगायिमने दारातून डोकावून सासूला हाक मारली. “आपा, दोन तास होऊन गेले. माझे हात कणकेत आहेत, शिंगरू कोण धरणार?”

“क्लारा धरेल,” उमसुनाय म्हणाली. “चल गं. बालपण आठवायचंय ना?”

टाळ्या पडल्या. क्लारा हसत हसत बाहेर आली. पांढरे बूट पहिल्याच पावलाला चिखलात गेले. उमसुनायने एक शिंगरू सोडून घोडीला लावलं, पान्हा फुटल्यावर ओढून काढलं आणि दोरी क्लाराच्या हातात दिली. स्वतः एक गुडघा टेकून, मांडीवर बादली घेऊन बसली. शिंगरू आईकडे झेपावलं तशी क्लारा अर्धी फरफटत गेली.

“अगं बाई, किती जोर आहे याला!”

“भूक आहे त्याला. घट्ट धर.”

दूध बादलीत वाजू लागलं. उमसुनायने मान वर केली नाही. “कागद कोणाचा होता?” तिने विचारलं.

शिंगराने क्लाराची बाही चावायला घेतली, ती सोडवण्यात क्लारा गुंतली.

“कुणाचा तरी म्हणालीस. कुणाचा?”

“तुझा,” क्लारा म्हणाली. “मला ठाऊक होतं गं. तेव्हाही ठाऊक होतं. दहा दिवस रोज ठरवायची, आज सांगते. तू कुमिस द्यायचीस आणि मला सांगवायचं नाही. मग किस्सा करून सांगायला लागले. नाव गाळलं, की सांगता येतो.”

उमसुनायच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई निव्वळ डोक्याने रिकामी आहे, या समजुतीवर तिने चाळीस वर्षं काढली होती. रिकाम्या डोक्याची कीव तरी करता येते. हिला सगळं कळत होतं, आणि तरी हिने त्यावर टाळ्या मिळवल्या.

“आत जा,” ती म्हणाली. “आता सांग. नाव घालून सांग.”

“आज? सगळ्यांच्या आनंदात?”

“आज.”

क्लाराने दोरी दिली आणि डोळे टिपत गेली. उमसुनायने दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. मधे नुसती नमद्याची भिंत, आतलं सगळं ऐकू येत होतं. “मघाचा तो कागद,” क्लारा म्हणाली, “आपल्या उमसुनायच्या परीक्षेचं बोलावणं होतं. मला माहीत होतं. तिची परीक्षा माझ्यामुळे गेली.”

उमसुनायने पिळणं थांबवलं. तिने ज्याची वाट पाहिली ते बोलणं झालं होतं. आता कोणीतरी उठेल. बाहेर येईल. काय म्हणेल ते तिला सुचेना, पण येईल.

झमीरबेक खाकरला. “अरेरे,” तो म्हणाला. “पोरं होतो रे आपण. पोरांना काय कळतं? आणि बघा ना, वाईटातून चांगलंच झालं, नाहीतर आज आपण कुठे आलो असतो? चला, उचला पेले. त्या दिवसांच्या नावाने!”

“त्या दिवसांच्या नावाने!” सतरा आवाज आले. क्लाराचाही त्यात होता. रडका होता, पण होता.

मग पुन्हा गाणं लागलं आणि हाक आली, “उमसुनाय, कुमिस संपलं गं!”

ती उठली. बादली तिथेच ठेवली. मनगटावरची दोरी सोडली, तसं शिंगरू आईखाली घुसलं. मग ती जमिनीलगत ताणलेल्या लांब दोरापाशी गेली आणि एकेक गाठ सोडत शेवटपर्यंत गेली. चौदाच्या चौदा शिंगरं उधळली आणि आपापल्या आईला जाऊन लुचू लागली. आता रात्रीपर्यंत थेंब मिळणार नव्हता.

बेगायिम कणकेच्या हातांनी धावत आली. “आपा! हे काय केलंत? संध्याकाळच्या दुधाचं काय? पाहुण्यांना काय देऊ?”

“काही नाही. आज सुट्टी,” उमसुनाय म्हणाली आणि चालत उतारावर जाऊन गवतात बसली.

बसली खरी. हात मांडीवर ठेवले, मग बाजूला ठेवले, मग पुन्हा मांडीवर घेतले. सुट्टीत काय करायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं.