करुणाची बोटं

मित्रांनो, आज मी एका पोरीशी फार वाईट वागलो. ते इथे सगळ्यांसमोर कबूल करतो, कारण ओरडलोही सगळ्यांसमोरच.

मी अकोल्यात जठारपेठेत राहतो. दर सोमवारी जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मुलांना पिकलबॉल शिकवायला जातो. आज आठवीतल्या करुणाच्या हातून पॅडल, म्हणजे या खेळातली बॅट, तीनदा निसटलं. मी वैतागलो.

"हातात जोर नाही का? घरी काही कामधाम करतेस की नाही?"

एरवी कोणी बोलणी खाल्ली की पोरं फिदीफिदी हसतात. आज एकही हसलं नाही.

करुणानं हात पुढे केला. "सर, काल दिवसभर कापूस वेचला. बोंडं टोचते ना, मूठच वळत नाही."

बोटांची टोकं चिरलेली, त्यावर रक्त सुकलेलं. बाकीच्या पोरींचीही तीच गत.

अहो, माझी आई कापूस वेचून आली की तिच्या बोटांना खोबरेल मीच लावायचो. तिला भाकरी थापवत नसे. हे मला कोणी सांगायला हवं होतं?

मी माफी मागितली. तर करुणाच म्हणाली, "वेचणी सरली की मी चांगली खेळीन सर. मले खेळातून काढू नका फक्त."

चूक माझी, आणि विनवण्या ती करत होती. आता पुढच्या सोमवारी कोणत्या तोंडानं तिच्या हातात पॅडल देऊ, तुम्हीच सांगा.